टाकीजवळची रेंज

दक्षिण कसब्यातल्या त्या घरात मोबाइलला रेंज फक्त एका जागी यायची. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. शेजारच्या मोकळ्या जागेवर अपार्टमेंट उभं राहिलं आणि खालच्या खोल्यांतली रेंज गेली ती गेलीच. बैठकीत फोन मुका, स्वयंपाकघरात मुका, देवघरात तर विचारायलाच नको. वेणीमाधवरावांनी त्या बिल्डरचा उद्धार करायचं एक वेळापत्रकच ठरवून टाकलं होतं. सकाळच्या चहाबरोबर एकदा आणि रात्रीच्या दुधाबरोबर एकदा. शकुंतलाबाई मात्र त्याच बिल्डरला मनातल्या मनात आशीर्वाद द्यायच्या.

कारण साधं होतं. वेणीमाधवरावांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि गच्चीचा जिना लोखंडी, अरुंद, उभा होता. ते वर येऊ शकत नव्हते. संध्याकाळी सात वाजता शकुंतलाबाई फोन पदराखाली घेऊन वर जायच्या, टाकीला पाठ टेकून बसायच्या आणि हैदराबादहून मुलाचा, अनिमेषचा, फोन यायचा. घरात एकच फोन होता, बटणांचा. ‘एक घर, एक फोन’ हा वेणीमाधवरावांचा नियम. अनिमेषने आईसाठी वेगळा फोन पाठवला होता, तो त्यांनी ‘गरज नाही’ असं लिहून कुरिअरने परत केला होता.

अनिमेष बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर दाताशी यायचं आणि तिथेच उभं राहायचं, दार उघडायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखं. वेणीमाधवराव जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. आयुष्य साक्षी ऐकण्यात गेलेलं. घरातही ते हातावर हनुवटी ठेवून ऐकायचे आणि समोरचा थांबला की म्हणायचे, “हं. पुढे?” साक्षीदाराला घाम फोडणारा तो शब्द त्यांनी पोटच्या पोरावर बत्तीस वर्षं वापरला. दहावीचे मार्क सांगताना, नोकरीची बातमी सांगताना. लग्नाच्या बोलणीत तर चेतनाच्या वडिलांसमोर अनिमेष स्वतःच्या पगारावर अडकला तेव्हा ते म्हणाले होते, “घ्या, याच्या तोंडातून पगारसुद्धा हप्त्याहप्त्याने निघतो.” सगळे हसले होते. चेतना हसली नव्हती, म्हणून ती शकुंतलाबाईंना आवडली.

फोनवर तर आणखी सोपं होतं. पोरगा अडला की वेणीमाधवराव म्हणायचे, “काय चिरंजीव, तुमच्याकडे रेंज नाही, की तुमच्यात नाही?” असं चार-पाच वेळा झालं आणि अनिमेष वडिलांशी बोलायचा थांबला. भांडण नाही, तंटा नाही. नुसता थांबला.

पण टाकीजवळ तो बोलायचा. धबधब्यासारखा बोलायचा. ऑफिसातल्या लोकांच्या नकला करायचा, चेतनाने केलेल्या बिघडलेल्या पुरणपोळीचं वर्णन करायचा, आणि शकुंतलाबाई पदर तोंडात कोंबून हसायच्या. अधूनमधून अडखळायचा, पण त्या थांबायच्या. टाकीत पाणी पडण्याचा आवाज येत राहायचा, अनिमेषही फोनच्या दुसऱ्या टोकाला वाट बघायचा, आणि शब्द यायचा. मग खाली उतरल्यावर वेणीमाधवराव विचारायचे, “काय म्हणत होता?”

“तुमच्या गुडघ्यांची चौकशी करत होता.”

हे खोटं त्या रोज सांगायच्या. रोज ते मान हलवून ऐकून घ्यायचे.

दिवाळीच्या सुमारास अनिमेषने एक गोष्ट हळू आवाजात सांगितली. सई, त्याची पाच वर्षांची मुलगी, अडखळायला लागली होती. “डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. या वयात सुटतंसुद्धा. फक्त तिला घाई करायची नाही, तिचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, आणि कुणी हसायचं नाही. आई, बा... बा... बाबांना सांगू नकोस.”

“नाही सांगत,” शकुंतलाबाई म्हणाल्या. सईसाठी त्या काय करू शकत होत्या? एवढंच. तोंड मिटून ठेवणं आणि फोन गच्चीवर ठेवणं.

नोव्हेंबर लागला आणि हयातीच्या दाखल्याची वेळ आली. पेन्शनर जिवंत आहे, हे दर वर्षी सरकारला दाखवावं लागतं. वेणीमाधवरावांना बँकेत जाणं जमत नव्हतं, म्हणून मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंची मुलगी शिवलीला अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आली. ती सेवा केंद्रात कामाला होती. गुरप्पा आणि चंद्रव्वा हे तिचे आईवडील, मूळचे मैंदर्गीचे. गुरप्पा मार्केट यार्डात तुरीच्या आडतीवर होते.

यंत्र लागलं. “काका, आता तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल,” शिवलीला म्हणाली.

मोबाइल बैठकीत मुकाच होता. शकुंतलाबाई तो घेऊन जिना चढल्या. टाकीजवळ मेसेज आला. त्यांनी कठड्यावरून वाकून आकडे ओरडले, अंगणातून चंद्रव्वाने ते झेलून बैठकीत ओरडले, आणि शिवलीलाने ते टाकेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा चंद्रव्वाने सातच्या जागी आठ सांगितलं. तिसऱ्यांदा यंत्रच बंद पडलं.

“मी जिवंत आहे हे सिद्ध करायला माझ्या बायकोला गच्चीवर चढून बोंबलावं लागतं!” वेणीमाधवराव म्हणाले. “बास. कंपनी बदलायची.”

जिन्यावरून उतरताना शकुंतलाबाईंनी ते ऐकलं आणि कठडा घट्ट धरला.

शिवलीला म्हणाली, “काका, नंबर तोच राहतो. पण आधी बघा, कुठल्या कंपनीची रेंज तुमच्या घरात येते ती. एकदा बदललं की तीन महिने परत बदलता येत नाही.”

“बघणारच. ऐकीव पुराव्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही.”

भाडेकरूंच्या घरात तीन माणसं आणि तीन कंपन्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही फोन मागवले गेले. वेणीमाधवरावांनी खडू घेतला आणि काठी टेकत खोलीखोलीतून फिरायला सुरुवात केली. प्रत्येक फोन प्रत्येक कोपऱ्यात ठेवायचा, चंद्रव्वाने पडद्यावरच्या दांड्या मोजायच्या, आणि शहाबादी फरशीवर त्यांनी आकडा लिहायचा. गुरप्पांच्या कंपनीला गोल, चंद्रव्वाच्या कंपनीला चौकोन, शिवलीलाच्या कंपनीला फुली. दुपारपर्यंत सगळं घर ठिकरीच्या आखणीसारखं दिसायला लागलं.

“अक्का, तुमच्या देवघरात आमच्या ह्यांची रेंज न्हाय बघा,” चंद्रव्वा ओरडली. “देवाला बी नको हाय त्यांचा आवाज. यार्डात तुरीचा भाव वरडून वरडून असलाच झालाय.”

“शेरेबाजी नको. दांड्या किती?”

“एक. ती बी थरथरतीय.”

“एक,” वेणीमाधवरावांनी गोलात लिहिलं.

बैठकीत चौकोनाने बाजी मारली. चंद्रव्वाच्या कंपनीच्या चार दांड्या, आरामखुर्चीच्या अगदी उशाशी. वेणीमाधवरावांनी तो चौकोन दोनदा गिरवला.

सकाळी शकुंतलाबाई नेहमीपेक्षा लवकर उठल्या. बादलीत फिनेल टाकलं आणि सगळ्या घराची फरशी पुसून काढली. गोल गेले, फुल्या गेल्या, आरामखुर्चीजवळचा चौकोन त्यांनी गुडघ्यावर बसून घासला. वेणीमाधवराव उठून बाहेर आले तेव्हा फरशी ओली, काळी आणि कोरी होती.



“आज गुरुवार,” ते म्हणाले. “फरशी सोमवारी आणि शुक्रवारी पुसली जाते. चाळीस वर्षांत गुरुवारी पुसलेली मी पाहिली नाही.”

“खडूची धूळ पायाला लागत होती.”

“लागत होती. हं. पुढे?”

शकुंतलाबाई पिळलेलं फडकं पुन्हा पिळत राहिल्या.

“जुनी कंपनीच काय वाईट आहे?” त्या अखेर म्हणाल्या. “दाखला वर्षातून एकदा लागतो. मी चढते की वर. मला काही त्रास नाही.”

“त्रास नाही, हे खरं,” वेणीमाधवराव म्हणाले. “तेच मला खटकतंय.” आणि त्यांनी चंद्रव्वाला हाक मारली.

दुसरी मोजणी सुरू झाली. शकुंतलाबाईंनी चंद्रव्वाला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. “चंद्रव्वा, तुझ्या फोनला बैठकीत रेंज नाही म्हणून सांग ना. माझ्यासाठी.”

चंद्रव्वा मनाने वाईट नव्हती. पण तिच्या पोटात शेंगदाणा राहत नव्हता, तर बात कुठून राहायची? ती बैठकीत गेली, फोनकडे बघितलं, वेणीमाधवरावांकडे बघितलं आणि हसत सुटली. “काका, अक्का म्हणत्यात रेंज न्हाय म्हणून सांग. कसं सांगू? चार दांड्या दिसत्यात की. अय्यो, अक्का, तुमाला गच्चीच पायजे व्हय? पोराशी लई मज्जा चालतीया तितं! आमाला मागं सगळं ऐकू येतंय. तुमच्या फोनचा आवाज केवढा हाय! लेक काय बोलतोय, ह्या काय हसत्यात. आमचे हे म्हणत्यात, भटांचा पोरगा लई बोलका हाय.”



“बोलका,” वेणीमाधवराव म्हणाले.

“व्हय की. पाऊण पाऊण तास.”

वेणीमाधवराव खाली वाकले, चौकोन काढला, त्यात चार लिहिलं आणि खडू खिशात टाकला. शकुंतलाबाईंकडे त्यांनी मान वर करून पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर शकुंतलाबाईंना ओळखीचा वाटला असता. हे काही वेगळंच होतं. अपील फेटाळलं गेलेल्या माणसाच्या तोंडाचं वर्णन शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं, तसं.

“माझे गुडघे विचारायला पाऊण तास लागत नाही,” ते म्हणाले. “तो वर बोलतो. मग खाली का नाही बोलत? मलाही ऐकू दे की माझा मुलगा बोलका कसा आहे ते.”

“तुम्ही ऐकून घ्याल?”

“म्हणजे? मी आयुष्यभर दुसरं काय केलं?”

यावर शकुंतलाबाईंना बोलता आलं असतं. पुष्कळ बोलता आलं असतं. पण चंद्रव्वा उभी होती आणि परक्यासमोर नवऱ्याचे वाभाडे काढायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फडकं उचललं आणि आत गेल्या.

संध्याकाळी टाकीजवळ त्यांनी अनिमेषला सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, “आई, तू फोन घेऊन वरच ये. रेंज दोन्हीकडे असली तरी काय झालं? तू वर ये.”

“येते. काहीतरी कारण काढते. वाळवण, पापड, काहीही. पण सातच्या आधी करू नकोस. सातला फोन माझ्याच हातात असेल.”

“सातच्या आधी क... क... कधीच नाही करणार.”

शकुंतलाबाईंना तेवढा दिलासा पुरला. कारण काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार त्याच्यावरच उभा होता.

शिवलीलाने कागद भरले, अंगठा घेतला, नवं सिम दिलं. “मेसेज आला की जुनं काढून हे घाला,” ती म्हणाली. चार दिवसांनी दुपारी जुनी कंपनी मावळली आणि चहाच्या वेळेला नवीन उगवली. वेणीमाधवरावांनी आरामखुर्चीशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर फोन ठेवला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. “स्पीकरचं बटण कुठलं?” त्यांनी विचारलं. शिवलीलाने दाखवलं.

त्या दिवशी सहाला थोडा अवकाश असताना शकुंतलाबाई ज्वारीचं पीठ मळायला बसल्या. सातच्या आत भाकऱ्या उरकायच्या, मग वर जायचं. कारण ठरलं होतं: टाकीचा नळ गळतोय, बघून येते. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते तेव्हा बैठकीत फोन वाजला.

अनिमेषने शब्द पाळला होता. त्याने फोन केलाच नव्हता. सईने केला होता. बापाचा फोन सोफ्यावर पडलेला तिला सापडला, आणि आजीचा फोटो दाबला की आजी येते हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं.

शकुंतलाबाई तशाच उठल्या. पण आरामखुर्चीपासून स्टूल एका हातावर होतं.

“हॅलो,” वेणीमाधवराव म्हणाले आणि बटण दाबलं.

“आ... आ...” खोलीभर आवाज पसरला. लहान, उत्साही आवाज. “आ... आ... आ...”

“कोण बोलतंय?”

“स... स... स...”

“अहो, द्या इकडे,” शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या. पिठाचे हात त्यांनी पुढे केले होते. वेणीमाधवरावांनी तळवा दाखवून त्यांना थांबवलं, भर कोर्टात बेलीफाला थांबवावं तसं.

“नाव सांग आधी. स... हं. पुढे?”

“स... स...”

“पुढे? पुढे काय? सई ना? मग म्हण की सई. दोन अक्षरं आहेत. त्यातल्या एकावरच बसून राहिलीस?”

पलीकडे आवाज थांबला. मग एक हुंदका आला, अगदी स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. कुणीतरी धावत आलं. “सई, फोन दे. दे मला.” आणि मग अनिमेष, “बा... बा... बा...”

वेणीमाधवराव खुर्चीत मागे रेलले. ज्या बोलक्या मुलाला ऐकायला त्यांनी खडू घेऊन घर पालथं घातलं, तो हा.

“म्हणजे घराण्याला लागलंच म्हणायचं,” ते म्हणाले.

फोन बंद झाला.

वेणीमाधवरावांनी तो उचलला, डोळ्यांशी नेला, दूर धरला. “कट कसा झाला? बघ गं, रेंज गेली का?”

शकुंतलाबाईंनी वाकून पाहिलं. “चार दांड्या आहेत,” त्या म्हणाल्या. पीठ त्यांच्या बोटांवर सुकायला लागलं होतं.

सात वाजता त्या वर गेल्या. टाकीचा नळ गळतोय असं सांगावं लागलं नाही. कुणी विचारलंच नाही. टाकीजवळही चार दांड्या होत्या. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन लावला, तो कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने चेतनाचा मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत मराठी, म्हणून शकुंतलाबाईंनी तो बोट ठेवून ठेवून वाचला. सईने त्या दिवसापासून बोलणंच बंद केलं होतं. शाळेतही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस तिला फोनपासून लांब ठेवा. ‘अनिमेषचीही तब्येत ठीक नाही. सध्या कॉल करू नका आई. राग मानू नका.’

त्यांनी राग मानला नाही. तिच्या जागी त्यांनीही हेच केलं असतं. खरं तर हे त्यांनीच तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं. हा विचार मनात आला आणि टाकीजवळ बसवेना, म्हणून त्या खाली आल्या.

“काय म्हणत होता?” वेणीमाधवरावांनी विचारलं.

“काही नाही.”

“माझे गुडघे?”

“नाही विचारले. कधीच नाही विचारले.”

वेणीमाधवरावांनी मान हलवली. त्या रात्री बिल्डरचा उद्धार झाला नाही.

महिनाअखेरीला शिवलीला पुन्हा यंत्र घेऊन आली. “काका, आज शेवटचा दिवस. आज झालं नाही तर पेन्शन अडकेल बरं का.” बरोबर चंद्रव्वाही आली होती, दारात टेकून उभी. आपल्या कंपनीचं कौतुक बघायला आली असावी.

वेणीमाधवरावांनी यंत्रावर अंगठा ठेवला. स्टुलावरचा फोन तत्काळ वाजला.

“बघा!” चंद्रव्वा टाळी वाजवत म्हणाली. “आमची कंपनी म्हंजे अशी. बोलायच्या आत येतंय!”

वेणीमाधवरावांना तो बारीक पडदा वाचता येत नव्हता. त्यांनी फोन शकुंतलाबाईंकडे दिला. शकुंतलाबाईंनी चष्मा लावला.

“नऊ,” त्यांनी वाचलं. शिवलीलाने बटण दाबलं. “दोन. शून्य.”

मग त्या थांबल्या.

शिवलीलाचं बोट यंत्रावर अधांतरी होतं. वेणीमाधवराव हातावर हनुवटी टेकून बसले होते.

“हं,” ते म्हणाले. “पुढे?”

शकुंतलाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. आकडे ठळक होते. त्यांनी ते मनात वाचले, एकदा, आणि पुन्हा एकदा. ओठ मिटलेलेच होते.

“काकू, दिसत नाही का?” शिवलीला म्हणाली. “मी वाचू?”

शकुंतलाबाईंनी फोन छातीशी धरला.

“अगं, पुढे?” वेणीमाधवराव म्हणाले. “पुढे काय?”

चंद्रव्वाने तोंडावर हात ठेवला. यंत्राने बारीक आवाज केला. “गेला, काका,” शिवलीला म्हणाली. “मुदत संपली. पुन्हा पाठवू?”

वेणीमाधवराव बायकोकडे बघत राहिले. हनुवटीखालचा हात केव्हा निघाला, त्यांना कळलं नसावं. “पाठव,” ते म्हणाले.

फोन लगेच वाजला. शकुंतलाबाईंनी चष्मा नीट केला आणि पहिला आकडा वाचला. या वेळी ‘पुढे?’ कुणी म्हणालं नाही.